ताई, चिप का अडली होती ते कळलं

ताई, रोहिणी मॅडमचा कॉम्प्युटर सुरू झाला. तुला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि माझ्याशिवाय ते नीट कुणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. ओळीनं सांगतो. तुझी सवय मला माहीत आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "थांब, ते मोजलंस का?" म्हणून अडवायचीस. आज कुणी अडवत नाही, तरी मी प्रत्येक वाक्यानंतर थोडा थांबतोय.

परवा तुझा जलदान विधी झाला. भंते येऊन गेले, नातेवाईक जेवून गेले, आणि संध्याकाळी हॉलमध्ये मंडपवाल्याच्या खुर्च्या तेवढ्या उरल्या. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कष्टाळू होती, जिद्दी होती, मनमिळाऊ होती. मनमिळाऊ ऐकल्यावर मला हसू आवरेना. नारायण पेठेतल्या तुझ्या दुकानाचा जिना चढून आलेल्या कुणालाही तो शब्द सुचला नसता. सकाळी दिलेल्या मशीनची दुपारी चौकशी करणाऱ्या एका प्राध्यापकांना तू सांगितलं होतंस, "बोर्ड आहे तो, भजी नाहीत." मी तिथेच उभा होतो. ते गृहस्थ पुढे कायम तुझ्याकडेच येत राहिले, आणि परवा मागच्या रांगेत बसून रुमालानं चष्मा पुसत होते.

आपलं भांडण त्यांनाही ठाऊक होतं. ज्याला त्याला तू ते सांगायचीस. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, त्यांनी आपल्याला एकाच टेबलावर सोल्डरिंग शिकवलं. तू दुरुस्तीत गेलीस, मी हिंजवडीच्या एका कंपनीत. "आमचा मिलिंद कुलपं लावतो आणि मी ती उघडते," असं तू माझी ओळख करून देताना म्हणायचीस. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधीच नक्की कळलं नाही.

पण वर्णन चूक नव्हतं. कॉम्प्युटरच्या प्रत्येक बोर्डावर नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते. बटण दाबल्यावर मशीन सगळ्यात आधी तिच्यातला प्रोग्रॅम वाचतं, मग बाकीचं जागं होतं. तो प्रोग्रॅम बिघडला तर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. म्हणून त्या चिपमध्ये भलत्या कुणाला काही लिहिता येऊ नये, अशी व्यवस्था कंपन्या करतात. ती व्यवस्था लिहिणाऱ्या हजारोंमधला मी एक. आणि प्रोग्रॅम बिघडल्यावर, तो परत लिहायचा म्हटलं की हीच व्यवस्था आडवी येते, तेव्हा लोक ज्यांच्याकडे जायचे त्यातली तू.

"मशीन त्या माणसाचं, आणि किल्ली तुमच्या कंपनीकडे. हे कुठलं घर?" तू विचारायचीस. मी म्हणायचो, ताई, कुलूप नसेल तर कुठलाही चोर प्रोग्रॅम तिथे जाऊन बसेल आणि मशीनच्या मालकाला जन्मात कळणार नाही. तू म्हणायचीस, चोर तुमचं कुलूप बघून परत जातो का. मी म्हणायचो, बरेचसे जातात. रविवारी जेवताना आपण हे सुरू करायचो आणि आई असेपर्यंत तिनं ताटं उचलली की थांबायचो. ती गेल्यावर ताटं उचलणारं कुणी नव्हतं, म्हणून बोलता बोलता हात वाळायचे.

खरं तर तूसुद्धा कुलपांच्या बाजूची होतीस, फक्त कबूल करत नव्हतीस. तो तरुण आठवतो? पासवर्ड विसरलोय, काढून द्या म्हणून लॅपटॉप घेऊन आला होता. तू त्याला चहा दिलास आणि सहज विचारलंस, उघडला की पडद्यावर कुणाचा फोटो दिसेल. तो म्हणाला, देवाचा. तू "ठेवून जा" म्हणालीस. तो गेल्यावर डिस्क काढून पाहिलीस तर पदवीच्या झग्यातली एक मुलगी, शेजारी तिचे आईवडील. त्यातल्याच अर्जावरचा फोन नंबर घेऊन तू तिला बोलावून घेतलंस. लॅपटॉप एका हॉस्टेलमधून चोरीला गेला होता. तो तरुण परत फिरकलाच नाही. मी म्हटलं, बघ, कुलूप होतं म्हणून हे झालं. तर तुझं उत्तर तयार होतं: "कुलपानं काही केलं नाही. मी विचारलं म्हणून झालं."

रोहिणी मॅडम तुझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी दुकानात होतो, हे माझं नशीब. बिबवेवाडीहून रिक्षानं, मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन. मार्केट यार्डपाशी टेम्पोंच्या गर्दीत रिक्षा अडकली होती, त्यावर रिक्षावाल्याला काय काय ऐकवलं ते सांगतच त्या जिना चढल्या. एका हातात काठी, डबा रिक्षावाल्याच्या डोक्यावर. त्यांना जन्मापासून दिसत नाही. निवृत्त झाल्यापासून त्या घरीच अंध मुलांसाठी ब्रेल पुस्तकं तयार करतात, छापून स्वतः बोटांनी तपासतात आणि मग पाठवतात. छपाईचं यंत्र जुनं, ते फक्त जुन्या पद्धतीच्या जोडणीवर चालतं, आणि मजकुराचं ब्रेल करून देणारा प्रोग्रॅम त्या एका बोर्डाच्या नंबरवर बांधलेला. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. कुणा हौशी भाच्यानं बायोस, म्हणजे त्या चिपमधला प्रोग्रॅम, नवा करून देतो म्हणून काम सुरू केलं आणि मध्येच वीज गेली. तेव्हापासून पडदा काळा. "मला पडद्याचं काय," त्या म्हणाल्या, "पण मला वाचून दाखवणारं यंत्र बोलायचं बंद झालंय. आणि मुलांची परीक्षा जवळ आलीय."

तू चिपवर क्लिप लावून तिला प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं यंत्र, जोडलंस. चिप वाचली गेली, छान. सगळं पुसायला सांगितलं, तर प्रोग्रामरनं पुसलं म्हणून कळवलं. परत वाचून पाहिलं तर आत सगळं जसंच्या तसं. कुणी हातच लावला नव्हता जणू. तू व्होल्टेज तपासलंस, क्लिप बदललीस, बॅटरी काढून पाहिलीस. चिप सगळ्याला हो म्हणत होती आणि काहीच करत नव्हती.

मी म्हटलं, लॉक आहे. नवी चिप लाव, जुनीतला नंबर तिच्यात उतरव, संध्याकाळपर्यंत मॅडमना देऊन टाक. ताई, ते चाललं असतं. तूही तसं म्हणालीस. "चालेल. पण ही का अडली होती, ते मला कधीच कळणार नाही."

मी जरा चिडलोच. म्हटलं, कळून कुणाचं भलं होणार आहे. तू म्हणालीस, पुढच्या माणसाचं. मग आपण दोघं नेहमीच्या वाटेनं निघालो: कुलपं, किल्ल्या, माझी कंपनी, तुझं घर. रोहिणी मॅडम स्टुलावर बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही बहीणभाऊ भांडून घ्या निवांत. मी तोवर हातानं टोचते." आणि खरंच त्यांनी घरी जाऊन ब्रेलच्या पाटीवर एकेक ठिपका टोचत काम सुरू केलं. तुला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशीच तू फोन करून त्यांना नवी चिप लावून द्यायची तयारी दाखवलीस. त्यांनीच नको म्हटलं. "सुजाता, तुला शोधायचंय ना, मग शोध. माझी बोटं अजून शाबूत आहेत." तुमची मैत्री तिथून सुरू झाली. नंतर म्हणे तुम्ही फोनवर चिपबद्दल कमी आणि आंब्याच्या लोणच्याबद्दल जास्त बोलायचात.

तुझ्या हातांवरचे निळे डाग मी त्याच सुमारास पाहिले. तू म्हणालीस, यूपीएस उचलताना लागलं. मी विश्वास ठेवला, कारण तू दिवसभर काही ना काही उचलतच असायचीस. मग तू जिन्यात मध्येच बसायला लागलीस. मग रक्ताची तपासणी, मग दुसरी, मग हॉस्पिटल.

डॉक्टर चांगले होते. खुर्ची ओढून बसले, रक्ताच्या आजाराचं सगळं समजावून सांगितलं. तू शांतपणे ऐकलंस आणि विचारलंस, "पण हे झालं कशानं?" ते म्हणाले, नेमकं कारण सांगता येत नाही, होतं असं काहींना. ते गेल्यावर तू चादर सारखी केलीस. मग म्हणालीस, "हे उत्तर मी गिऱ्हाइकाला कधी दिलं नाही रे."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. अजूनही काय बोलायला हवं होतं ते कळलेलं नाही. मी शहाळं आणू का विचारलं. तू हो म्हणालीस. मी शहाळं आणलं, तू दोन घोट घेतलेस आणि बाकीचं मला प्यायला लावलंस. माझ्या मनात होतं की म्हणावं, ताई, घाबरलीस का. मी घाबरलो होतो. आपण दोघांनी ते त्या शहाळ्यावर निभावून नेलं.

त्यानंतर एका दुपारी तूच मला दुकानात पिटाळलंस. फोन स्पीकरवर ठेव, मीटर घे, बोर्डाला वीज दे. मी इतक्या वर्षांनी हातात मीटर धरला होता. तू पलंगावरून सांगत होतीस. चिपवर छोटा ठिपका आहे, तो पहिला पाय. तिथून मोजत ये. तिसऱ्यावर टोक ठेव. नीट ठेव, शेजारच्याला चिकटवू नकोस.

"शून्य," मी सांगितलं.

फोनवर काही ऐकू येईना. मला वाटलं, फोन कट झाला. मग तू हसत होतीस ते कळलं, त्या दिवसांतलं तुझं श्वास लागलेलं हसणं.

"बघ," तू म्हणालीस. "तो पाय मोकळा असला की कुलूप काढता येतं. बोर्डानं तो शून्यावर धरून ठेवलाय. चिप अडेल नाहीये रे, तिला सांगून ठेवलंय."

मग मला ताकीद दिलीस. तो पाय जागेवरून उचलायचा आणि कुलूप काढायचं, पण ते काम तू घरी आल्यावर स्वतः करणार. मी हात लावायचा नाही, माझा हात कापतो. मी म्हटलं, बरं. ताई, मला तेव्हा इतका आनंद झाला होता. कारण कळल्याचा नव्हे. तू "घरी आल्यावर" म्हणालीस त्याचा.

पुढच्या आठवड्यात ताप चढला आणि उतरलाच नाही. आयसीयूच्या काचेतून तुला बघताना मला कुलपं, किल्ल्या काही आठवत नव्हतं. तुझा उजवा हात चादरीवर होता, अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं, चिमटा धरल्यासारखं. सिस्टर म्हणाल्या, गुंगीत होतं असं. मला तेवढंही पुरलं.

परवा विधीला रोहिणी मॅडम आल्या होत्या. तुझा फोटो कुठे आहे विचारून त्यांनी चौकटीवरून हात फिरवला, फुलं नीट केली आणि कोपऱ्यात बसून राहिल्या. कॉम्प्युटरचा विषय त्यांनी काढला नाही. निघताना फक्त माझा हात धरून म्हणाल्या, "अहो, तिच्यासारखं माझ्याशी भांडणारं आता कुणी नाही." त्यांच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती. त्या अजून हातानंच टोचत होत्या.

म्हणून काल सकाळी मी दुकान उघडलं. तुझ्या स्टुलावर बसलो. ते माझ्यासाठी फार बुटकं आहे, गुडघे टेबलाला लागतात. सोल्डरिंगचं यंत्र तापवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि तिसऱ्या पायाकडे बघत राहिलो. हात खरंच कापत होता. आणि कापत नसता तरी मला तो पाय उचलवला नसता. तू नको म्हणून सांगितलं होतंस, आणि तुझं ते म्हणणं मोडलं की तू घरी येणार नाहीस हे मीच ठरवल्यासारखं झालं असतं. हे वेडेपणाचं आहे, मला कळतं. मी यंत्र बंद केलं.

मग हात न लावता जेवढं होईल तेवढं करावं, म्हणून क्लिप लावली आणि चिपलाच विचारलं, तुझा कुठला भाग बंद आहे. हे तिला विचारता येतं, कुलपाच्या खुणा ती वाचू देते. ताई, सगळी चिप बंद नव्हतीच. शेवटचा एक कोपरा तेवढा कुलपात होता. मशीन जागं करणारी पहिली पावलं त्यात असतात, आणि बोर्डाचा नंबरही त्यातच. तू आधीच शोधून ठेवलेली, बायोसच्या त्याच आवृत्तीची धड फाइल घेतली आणि तो कोपरा ताडून पाहिला. नंबर सोडला तर काडीचाही फरक नाही. वीज गेली तेव्हा बिघडलं ते सगळं कुलपाच्या बाहेरचं. कुलपातलं धड होतं.

मग पुसलं का जात नव्हतं? कारण तू तिला एकच सांगत होतीस, आणि मीही तेच धरून चाललो होतो: सगळं पूस. तिचा एक कोपरा जरी बंद असला तरी सगळं पुसण्याचा हुकूम ती मुकाट्यानं बाजूला ठेवते, आणि प्रोग्रामरला वाटतं काम झालं. मी तिला सांगितलं, सगळं नको, एवढा बिघडलेला तुकडा पूस. तिनं पुसला. आता त्याच्या शेजारचा. तोही पुसला. एकेक तुकडा करत बिघडलेला सगळा भाग पुसून परत लिहिला, वाचून ताडला. जुळला. क्लिप काढली, बटण दाबलं. पंखा फिरला, आणि बोर्डानं ती एक बारीकशी शिट्टी दिली.

मी "ताई" म्हणून हाक मारली. जोरात नाही. खालच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्याचा आवाज येत होता, त्यात कुणाला ऐकू गेली नसेल.

दुपारी बिबवेवाडीला गेलो. यंत्र जोडलं. मॅडमनी की-बोर्डवर हात ठेवला, कॉम्प्युटर त्याच्या त्या कोरड्या आवाजात बोलायला लागला, आणि मग ब्रेलचं यंत्र सुरू झालं. ते किती आवाज करतं, मला कल्पना नव्हती. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. पहिलं पान बाहेर आलं, मॅडमनी त्यावरून बोटं फिरवली, दोन्ही हातांनी, सावकाश, खालपर्यंत. भूगोलाचा धडा होता. एक चूक सापडली, ती त्यांनी मला ऐकवली, माझीच असल्यासारखी.

मग त्यांनी विचारलं, "अडलं कशानं होतं?"

मी सगळं सांगितलं. तिसरा पाय, कुलपातला कोपरा, सगळं पूस म्हणणं आणि तुकड्यातुकड्यानं पुसणं. त्यांनी मध्ये दोनदा थांबवून परत विचारलं. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सुजाताला हे आवडलं असतं, की राग आला असता?"

घरी येईपर्यंत मी त्याचंच उत्तर शोधत होतो. वारज्याच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या, मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी आपलं भांडण परत मांडून बघत होतो. कुलूप होतं म्हणून तो कोपरा वाचला, नंबर वाचला, मॅडमचं काम वाचलं. म्हणजे मी बरोबर. पण माझं ऐकून नवी चिप लावली असती तर यातलं काहीच कळलं नसतं. म्हणजे तू बरोबर. आणि पाय उचलायची गरजच नव्हती, म्हणजे तू चूक. आणि कुलपं लिहिणारा मी, मला हे बहिणीच्या स्टुलावर बसल्यावर सुचलं, म्हणजे मी काय ते तूच सांग.

आपल्या जुन्या भांडणांतली तुझी सगळी वाक्यं मला पाठ आहेत. मी काही म्हणालो की तू काय म्हणशील, हे मला तुझ्या आवाजासकट ऐकू येतं. या पंधरवड्यात मी त्याच आधारावर जगलोय, दोन्ही बाजू एकटाच बोलून. पण हे नवं आहे, ताई. हे तू गेल्यानंतरचं आहे. यावर तू काहीतरी म्हणाली असतीस, चहाचा कप खाली ठेवून, माझ्याकडे न बघता. मी कालपासून कान देऊन बसलोय, आणि तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू येत नाही.